यंदा सगळ्यांना बसायला मिळालं

"वा! यंदा बसायला भरपूर जागा आहे की!"

वार्षिक सभेला येणारा प्रत्येक माणूस शेडच्या दारातून आत पाऊल टाकता टाकता हेच म्हणत होता, आणि दर वेळी ताई सह्यांची वही उगाच सरळ करत होती. ती दाराशी टेबल टाकून बसली होती. आलेल्यांच्या सह्या घ्यायच्या, हसायचं, "या या, गुडघे कसे आहेत?" म्हणायचं. गेली कित्येक वर्षं हेच काम ती डोळे मिटून करत आली होती. आज मात्र हसताना तिचे गाल दुखत होते.

कंपनी दवाखान्यांसाठी खाटा बनवायची. लोखंडी, पांढऱ्या, पायथ्याशी हँडल असलेल्या. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उठायची. कारभार काही फार मोठा नव्हता. एक लांबलचक शेड, एका टोकाला वेल्डिंग, दुसऱ्या टोकाला रंगाची खोली आणि मध्ये काचेची खिडकी असलेलं ऑफिस. या ऑफिसात ताई हिशेब सांभाळायची, आणि तिचा थोरला भाऊ, ज्याला कामगारांपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे दादाच म्हणायचे, तो बाकीचं सगळं सांभाळायचा. भागधारकही सगळे ओळखीपाळखीचेच. सुरुवातीला दादा खाटेचं छोटंसं मॉडेल काखेत मारून दारोदार फिरला होता. शाळेतल्या बाई, औषधाचे दुकानवाले, शिंपी, चुलत-मावस गोतावळा, कुणाची विधवा बहीण, कुणाचा निवृत्त सासरा. मॉडेलचं हँडल फिरवून दाखवलं की माणसं हसायची आणि पैसे काढायची.

पहिल्या सभेला खुर्च्या भाड्याने आणण्याइतकीही ऐपत नव्हती. दादाने सरळ तयार खाटांवरच लोकांना बसवलं आणि म्हणाला, "बसा, आपल्याच पैशांवर बसा!" लोकांना ते एवढं आवडलं की पुढे खुर्च्या परवडू लागल्या तरी कुणी आणू दिल्या नाहीत. गंमत अशी, की धंदा चांगला चालला की खाटा बनल्या बनल्या निघून जायच्या. मग सभेच्या दिवशी शेडमध्ये जेमतेम दहा-बारा खाटा असायच्या. उशिरा येणारे भिंतीला टेकून उभे राहायचे, पाय दुखले म्हणून कुरकुरायचे, आणि घरी जाताना चांगला नफा वाटून घेऊन जायचे. आपण उभे राहतो ती वर्षं बरकतीची, हे त्यांच्यापैकी एकाच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. माणसाला कंबर दुखली की एवढं बारीक कुठे दिसतं?

यंदा शेड या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र भरली होती. आणि ती का भरली होती, हे फक्त दोन माणसांना माहीत होतं.

महिन्याभरापूर्वी एका सकाळी तीन ट्रक दाराशी येऊन उभे राहिले. कंपनीच्या निम्म्याहून जास्त खाटा दवाखान्यांचा एकच मोठा समूह घ्यायचा. त्यांनी कळवलं होतं की आता त्यांना बटणावर चालणाऱ्या, मोटरच्या खाटा हव्यात. हँडलच्या नकोत, या नकोत आणि पुढच्याही नकोत. न वापरलेला माल परत करायची अट करारात होतीच. सही करताना ताईने त्या अटीवर बोट ठेवलं होतं, तेव्हा दादा म्हणाला होता, "अगं, आजवर त्यांनी एक तरी खाट परत केलीये का?" तोंडावर आपटल्यावर ताईने ते त्याला ऐकवलं नाही. ऐकवण्यासारखं त्याचं तोंडच राहिलं नव्हतं.

खाटा उतरवून घेणाऱ्या कामगारांना दादाने सांगितलं, "त्यांच्या नव्या इमारतीचा गिलावा अजून ओला आहे. थोडे दिवस आपल्याकडे ठेवायच्यात." कामगारांनी विश्वास ठेवला. रंगाऱ्याने तर ट्रकमध्ये ओरखडे पडलेल्या खाटांना कुणी न सांगता पुन्हा रंगाचा हात मारला. वीस वर्षांत आपण रंगवलेली एकही खाट परत आलेली नाही, अशी त्याची फुशारकी होती, आणि ती अजूनही खरीच आहे असं त्याला वाटत होतं.

सभेच्या आधी, सकाळी, ताईने ऑफिसचं दार लावून घेतलं होतं.

"दादा, अहवालात एक ओळ तरी घालूया. वर्ष संपल्यानंतर काय घडलं ते सांगायला जागा असते त्यात. ती मी रिकामी सोडलीये, आणि मला झोप नाही."

"वर्ष संपलं तेव्हा खाटा विकलेल्या होत्या की नव्हत्या?"

"होत्या."

"मग अहवालात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही. तेच तर."

दादा खिडकीपाशी उभा होता. बाहेर शेडमध्ये कामगार खाटांवरच्या चादरी ओढून सारख्या करत होते. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "आज मी सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत उधारीवर माल देणाऱ्या पत्रेवाल्याच्या कानावर जाईल. उद्या तो रोख पैसे मागेल. परवा बँक फोन करेल. दुसऱ्या दवाखान्यांशी बोलणी चाललीयेत, त्यांना आपल्या हँडलच्याच खाटा हव्यात, लहान गावांतून वीज कुठे धड असते? पण बुडत्या कंपनीला ऑर्डर कोण देतं? दीड महिना दे मला. ती ऑर्डर हातात आली, की मी स्वतः उभा राहून सगळं सांगतो. आधी वाईट, मग लगेच चांगलं. लोक हसत घरी जातील."

"आणि नाही आली तर?"

"मग तेव्हा सांगू. तेव्हा तरी काय बिघडणार आहे?" मग तो तिच्याकडे वळला. "चाळीस चुली आहेत गं या शेडवर. आपण बोललो म्हणून विझल्या, असं नको व्हायला."

तो म्हणत होता ते सगळं बरोबर होतं, आणि नेमकं म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता. भाऊ लबाड असता तर भांडून मोकळी झाली असती. पण ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. बँकेला तो भीत नव्हता, पत्रेवाल्याला तर मुळीच नाही. तो भीत होता खाटांवर बसलेल्या त्या साठ चेहऱ्यांना. ज्यांनी त्याला शेंबडा असल्यापासून पाहिलं, त्यांच्यासमोर हात जोडून "माझं चुकलं" म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दीड महिन्याचा हिशेब त्या भीतीला चढवलेला रंग होता.

"बरं," ती म्हणाली. आणि अहवाल तसाच मिटून तिने दार उघडलं.

तरी एक आशा होती. भागधारकांत एक निवृत्त कारकून होते, ज्यांना सगळे शंकासुर म्हणायचे. दर वर्षी ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि दादाला प्रश्न विचारून विचारून घाम फोडायचे. स्क्रू महाग का झाले? चहाचा खर्च वाढला कसा? ताईला वाटलं, हे विचारतील. "एवढ्या खाटा शिल्लक कशा?" एवढंच विचारलं तरी पुरे. मग दादाला खोटं बोलावं लागेल, आणि या माणसांच्या तोंडावर खोटं बोलणं त्याला आयुष्यात जमलेलं नव्हतं.

पण यंदा शंकासुरांना कोपऱ्यातली छान खाट मिळाली. त्यांच्या बायकोने हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर केली, पाठीला उशी दिली, आणि दादाच्या भाषणाच्या तिसऱ्या वाक्यालाच शंकासुरांची मान कलली. अख्खी सभा त्यांनी घोरत काढली. लोक एकमेकांना कोपराने ढोसून हसत होते. ताईला रडू येत होतं.

दादाचं भाषण नेहमीसारखंच झालं, किंबहुना नेहमीपेक्षा जास्त रंगलं. मागच्या वर्षाचे आकडे उत्तम होते, ते त्याने वाचले. "पुढेही आपली साथ असू द्या," एवढंच तो पुढच्या वर्षाबद्दल बोलला. मग भाव ठरला. त्यांच्या शेअरचा भाव बाजारात ठरत नसे. दादा सभेत एक आकडा सुचवायचा, लोक हात वर करायचे, आणि तो वर्षभर चालायचा. यंदा दादाने मागचाच भाव सुचवला. तेवढं तरी त्याने केलं. पण मागून औषधवाले ओरडले, "अरे, एवढा माल भरलाय, आणि भाव तोच? वाढव की!" सगळ्यांनी हात वर केले. शंकासुरांच्या बायकोने नवऱ्याचाही हात धरून वर केला. भाव चढला.

दादाने ओझरतं ताईकडे पाहिलं, आणि पटकन पाण्याचा पेला उचलला.

सभा संपली, चहा आला. कुणाला शेअर विकायचे असले तर ते याच वेळी. गिऱ्हाईक शोधायचं, ताईच्या टेबलाशी यायचं, दोघांनी सह्या करायच्या. पहिल्यांदा आला तो रंगारी. आज नवा शर्ट होता, पण भुवयांत पांढरा रंग अडकलेला होताच.

"ताई, आमच्या बाई त्यांचे शेअर काढताहेत, ऐकलंत ना? मी घेतोय सगळे." त्याचा आवाज आनंदाने कापत होता. "घरावर एक खोली चढवायला ठेवले होते पैसे. बायको म्हणाली, खोली काय पळून जातेय का? वीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटा रंगवल्या, आता थोड्या आपल्याही असू देत."

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. दादाला आणि ताईला दोघांनाही त्यांनी शिकवलं होतं, आणि दादाने मॉडेल काखेत घेऊन पहिलं दार वाजवलं ते त्यांचंच. आता त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. गुडघे गेले होते. दिवसातून एकदाच खाली उतरायच्या, दुधाची पिशवी दोरीने खिडकीतून वर ओढून घ्यायच्या. त्यांना तळमजल्यावरची एक खोली मिळत होती, आणि त्यासाठीच त्या शेअर विकत होत्या.

बाई विकून मोकळ्या झाल्या, तर त्या वाचल्या. पण ते ओझं या माणसाच्या डोक्यावर बसणार, आणि त्या कागदावर सही करणार ती.

"थोडं थांबा ना," ती म्हणाली. "एवढी काय घाई आहे? दोनेक महिन्यांनी बघा."

रंगाऱ्याचा चेहरा आधी पडला, मग त्यावर हळूहळू एक शहाणं हसू पसरलं. "कळलं, ताई. घरच्या माणसांसाठी ठेवताय होय? म्हणजे भाव आणखी चढणार तर!" त्याने आवाज खाली आणला. "मी नाही कुणाला सांगत. पण मग तर मला आजच घ्यायला हवेत."

आणि तो बाईंना शोधायला निघालासुद्धा. ताईने कपाळाला हात लावला. गप्प राहिलं तरी खोटं, थांब म्हटलं तरी खोटं. तोंडातून काहीही निघालं, तरी लोकांच्या कानात शिरेपर्यंत ती आनंदाची बातमी होत होती.

ती उठली. दादा औषधवाल्यांच्या घोळक्यात होता. बाई रंगाच्या खोलीजवळच्या खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. ताईने रंगाऱ्याला चहा आणायला पाठवलं आणि बाईंच्या शेजारी बसली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित बोलली नसती.

"बाई, या खाटा विकलेल्या नाहीत. परत आल्यात. मोठं गिऱ्हाईक गेलं. कायमचं."

हातातला अर्ज बाईंनी मांडीवर ठेवला आणि हाताने सपाट केला. "दादाला माहीत आहे?"

"त्यानेच तर... दीड महिना थांबायचं म्हणतोय. दुसरी ऑर्डर येईल म्हणतो. येईलही, बाई. खरंच येईल कदाचित."

"मग मला कशाला सांगितलंस?"

ताई गोंधळली. "तुम्हाला फसवायचं नव्हतं म्हणून."

"मला कुठे फसवत होतीस? मी तर सुटत होते." बाईंचा आवाज चढला नाही. "पंधरा मिनिटं गप्प बसली असतीस, तर काही माहीत नसलेली म्हातारी शेअर विकून, पैसे घेऊन तळमजल्यावर राहायला गेली असती. आता मला माहीत आहे. आता मी विकू कुणाला? ज्याला विकेन त्याला हे सांगायला नको? आणि सांगितलं तर घेईल कोण?"

हे ताईच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या मनावरचा दगड उतरवायच्या घाईत तिने तो उचलून बाईंच्या गुडघ्यांवर ठेवला होता.

"मी घेते," ती घाईघाईने म्हणाली. "माझ्याकडे आहेत थोडे साठलेले. मला सगळं माहीत आहे, म्हणजे फसवणूक कुणाचीच नाही."

"आणि मालकाची बहीणच शेअर गोळा करतेय हे बघून ही बाकीची माणसं काय करतील?"

काय करतील ते समोर दिसतच होतं. रंगारी दोन्ही हातांत चहा सांभाळत परत आला.

"मग बाई, करायची ना सही?"

"नाही रे बाबा." बाईंनी अर्ज चार घड्या करून पर्समध्ये घातला. "मी विचार बदलला."

रंगारी क्षणभर हिरमुसला. मग त्याने बाईंकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे लकाकले. "बाईसुद्धा आता विकत नाहीत म्हणजे बघा!" तो स्वतःशीच म्हणाला. चहा खाटेच्या कडेला ठेवून तो थेट कोपऱ्यात गेला, शंकासुरांच्या बायकोपाशी. तिला नातवासाठी पैसे हवेच होते. ती मान डोलावताना ताईला इथून दिसली. तिने नवऱ्याला हलवून जागं केलं, त्यांनी डोळे चोळले, चष्मा शोधला, पेन शोधलं. जन्मभर प्रत्येक गोष्टीत शंका काढणाऱ्या त्या गृहस्थांनी एकही प्रश्न न विचारता सही केली. मग रंगारी अर्ज फडकावत ताईच्या टेबलाकडे निघाला. त्याच्यामागे आणखी दोघंतिघं उठले. एकाने दुसऱ्याला विचारलं, "कुणी विकतंय का अजून?"

"बाई," ताई म्हणाली, "मी बोलले तर कारखाना बुडेल."

"बुडेल कदाचित."

"दादा मला जन्मात माफ करणार नाही."

"तेही खरं आहे. तो लहानपणापासूनच मनाला फार लावून घेतो." बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता. "आणि नाही बोललीस, तर खरं कळेल त्या दिवशी तो रंगारी घरी जाऊन बायकोला आजची सगळी गोष्ट सांगेल. ताई माझ्याजवळ उभी होती, म्हणेल, आणि काही बोलली नाही."

ताईने शेडभर पाहिलं. वेल्डिंगवाले दारात उभे राहून चहात बिस्किटं बुडवत होते. सगळ्यांना पुढच्या महिन्याचा पगार मिळणार होता, निदान ते तसं समजत होते. पत्रेवाल्याचा मेहुणा औषधवाल्यांशी हसत बोलत होता. म्हणजे संध्याकाळपर्यंतही थांबायला नको. दादा म्हणाला होता ते एकूण एक खरं होणार होतं. हे सगळं तिच्या एका वाक्याने मोडणार होतं, आणि तिला हे सगळं फार आवडत होतं. तिला पळून जावंसं वाटलं. ऑफिसचं दार लावून टेबलावर डोकं टेकवावं आणि दीड महिन्यानंतरच वर काढावं, असं वाटलं.

रंगारी तिच्या रिकाम्या टेबलाशी पोचला होता. अर्ज नीट सरळ करून तो खुर्चीशेजारी उभा राहिला, आणि तिला हात करून बोलावू लागला.

"उभी राहा," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तसं, न रागावता.

ताई उभी राहिली. तिने खाटेचा दांडा घट्ट धरला. "जरा ऐका," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं, "सगळे जरा ऐका!" माना वळल्या. शेडच्या त्या टोकाला दादाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला काय म्हणायचंय ते त्याला त्याच क्षणी कळलं. त्याने मान हलवली. नको. मग त्याने पेला खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

बाकीच्यांना वाटलं, ताई आभार मानायला उठली आहे. इतकी वर्षं पडद्याआड राहून काम करणारी ही आज पहिल्यांदाच बोलतेय, म्हणून औषधवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनीच. रंगारी तर अर्ज टेबलावर ठेवून दोन्ही हात उंचावून वाजवत होता. टाळ्या थांबेचनात, आणि त्या थांबेपर्यंत तिला तसंच उभं राहावं लागलं.